घर कोणाच्या नावावर?

मागच्या शनिवारचा भाग गच्चीवर कुणालाच आवडला नाही. "काही घडलंच नाही यात," वहिनींचा पुतण्या प्रोजेक्टरची वायर गुंडाळत म्हणाला आणि आबांपासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. तसं पाहिलं तर 'सोप्रानोज' या अमेरिकन माफियावरच्या मालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या त्या सातव्या भागात बरंच काही आहे. टोळीप्रमुख टोनी सोप्रानोच्या ज्युनिअर काकाचं कॅन्सरचं दुखणं आहे, त्याला टाळणाऱ्या सर्जनला टोनी गोल्फच्या मैदानावर जाऊन गाठतो, टोळीतल्या जुन्या माणसाची बायको अँजी, तिच्या गाडीच्या काचा बॅटने फोडतो, आणि त्याची स्वतःची बायको कार्मेला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. पण गोळी सुटत नाही, कुणी मरत नाही. त्याच्या आदल्या शनिवारी क्लबच्या मागच्या बाजूला एका कोवळ्या पोरीला जीव जाईपर्यंत मारलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्या रात्री ताटं तशीच राहिली होती. त्या मानाने हा भाग सगळ्यांना सपक वाटला. चटया झटकल्या जाऊ लागल्या, कुणी चपला शोधायला लागलं, आणि जिन्याच्या तोंडाशी ताटलीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या वहिनी कुणाकडे न बघता म्हणाल्या, "तिनं घराचं इचारलं त्याले. त्यानं ऐकलंच नही. पोरं घेऊन जाय म्हने. कुठी जाईन ती? घर कोनाच्या नावावर हाये तिचं?"

कुणी उत्तर दिलं नाही. भाऊंनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, टाकीजवळचा दिवा लावला आणि मंडळी खाली उतरली.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून हलत नाही. एक तर तो मालिकेतला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. दुसरं म्हणजे मी ही मालिका आधी एकटीने शेवटपर्यंत पाहिलेली आहे, त्यामुळे पुढे काय होतं ते मला माहीत आहे आणि गच्चीवर तोंड बंद ठेवणं मला भाग आहे. तिसरं कारण असं की वहिनी नक्की कुठल्या घराबद्दल बोलत होत्या, याची मला त्या रात्री खात्री नव्हती.

आमच्या कॉलनीत ही मालिका आणली ती पुतण्यानेच. २०२० साली तो पुण्याहून परत आला, घरूनच कंपनीचं काम करायला लागला आणि रात्री जेवणं झाली की गच्चीच्या भिंतीवर एकटाच काहीबाही बघत बसायचा. गुंडांची गोष्ट आहे म्हटल्यावर भाऊ येऊन बसले, भाऊ बसले म्हणून आबा आले, मग आम्ही दोघं, मग शेजारची दोन घरं. मध्ये बरीच वर्षं हे सगळं थांबलं होतं. या हिवाळ्यात तो सुट्टीत आला आणि पुन्हा सुरुवात झाली, यावेळी रीतसर, दर शनिवारी एक भाग. न्यू जर्सीचं ते चावून चावून बोललेलं इंग्रजी आमच्यापैकी फार थोड्यांना पहिल्या झटक्यात कळतं. खाली अक्षरं येतात ती आबा मोठ्याने वाचतात. आबा रेल्वेत गार्ड होते, भुसावळात नोकरी काढली, त्यांचा आवाज अजून प्लॅटफॉर्मवर ऐकू जाईल असा आहे. बाकीचे चेहरे वाचतात. आणि टोनी सोप्रानोचा चेहरा वाचायला खरंच भाषा लागत नाही. टोनी झालेला जेम्स गँडोल्फिनी श्वास घेतो त्यातूनच कळतं की आता घरात काहीतरी फुटणार आहे.

या बैठकीला थंडीत भरीत असतंच. बामणोदची वांगी, हिरवट पांढऱ्या रंगाची, बिया कमी, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात भाजायची. साल काळी पडून तडकली की हात पोळत असतानाच सोलायची आणि हिरवी मिरची, लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायची. वरून तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. धुराचा वास केसांत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. समोर भिंतीवर कार्मेला ओव्हनमधून झिटी पास्त्याचं भांडं काढत असते आणि टोनी फ्रिजचं दार उघडं टाकून उभ्याउभ्या मांसाचे काप तोंडात टाकत असतो. या मालिकेत माणसं सारखी खातात. ज्याच्याबरोबर जेवायचं त्याच्याशी इमान राखायचं, आणि एक दिवस त्यालाच संपवायचं, आणि संपवून परत जेवायला बसायचं. सुरुवातीला मला वाटायचं की खाण्यामुळे ती माणसं आपलीशी वाटतात. आता वाटतं, खाणं एवढ्यासाठी आहे की पैसा शेवटी कुठे जातो ते दिसावं. तो ताटात जातो.

गच्चीवरची चर्चा म्हणाल तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीची असते: आता कोणाचा नंबर. ज्युनिअर काकाला आमच्याकडे 'आप्पा' म्हणतात, टोनीच्या टोळीतला पॉली नुसता 'भो'. टोनी आपला माणूस. त्याच्या विरुद्ध जाणारा प्रत्येक जण आपोआप वाईट. सकाळी दुधाच्या केंद्रावर भेट झाली तरी "त्यानं त्याले सोडायला नको होतं" असं एखादं वाक्य कानावर येतं. १९९९ च्या जानेवारीत ही मालिका अमेरिकेत सुरू झाली तेव्हा तिथले लोकही सोमवारी कामावर हेच बोलत असणार. २००७ च्या १० जूनला शेवटच्या भागात पडदा मध्येच काळा झाला तेव्हा कित्येकांना वाटलं केबल गेली. आमच्याकडे त्या सुमारास भारनियमन इतकं होतं की काळा पडदा ही रोजची गोष्ट होती. टोनी मेला की वाचला, यावर लोक आजही भांडतात. त्या शेवटच्या दृश्यात हॉटेलच्या टेबलावर त्याच्याबरोबर कार्मेला बसलेली आहे. तिचं काय झालं असेल, असं विचारणारं माणूस मला फारसं भेटलेलं नाही.

वहिनी मात्र पहिल्यापासून कार्मेलाचीच मालिका बघत आल्या, हे मला आता मागे वळून बघताना कळतं. त्या कधी पुढे येऊन बसल्या नाहीत. जिन्याशी बसायचं, खालून कुकरची शिट्टी आली की उतरायचं, परत यायचं. पण काही प्रसंगी त्यांचे हात थांबायचे. दुसऱ्या सीझनमध्ये मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी शिफारसपत्र हवं म्हणून कार्मेला शेजारणीच्या बहिणीकडे चीजचा गोड पदार्थ घेऊन जाते. शब्द सगळे गोड. पण समोरची बाई घाबरलेली आहे, कारण हा पदार्थ कोणाच्या घरून आलाय हे तिला माहीत आहे. गच्चीवर तो प्रसंग कुणाच्या लक्षात राहिला नाही. वहिनींनी मात्र एवढंच म्हटलं होतं, "डबा परत नही करता येत असा." आमच्याकडेही डबे जातात. शाळेत, हापिसात, दिवाळीत, केळीच्या वेफर्सचे, पुरणाच्या मांड्यांचे. घेणाऱ्याने नाही म्हणायचं म्हटलं तरी तोंड वाईट होतं. लिव्हिया गेली तेव्हाचंही आठवतं. टोनीची ती आई मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस यांनी स्वतःच्या आईवरून रचली होती. ती भूमिका करणाऱ्या नॅन्सी मर्चंड २००० साली वारल्या आणि म्हणून तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात लिव्हियाचंही दिवस-कार्य झालं. जमलेले लोक तिच्याबद्दल बरं काहीतरी बोलायला धडपडत असतात आणि कुणालाच ते जमत नाही. दारावर बसायला गेलेल्या प्रत्येकाने असला प्रसंग पाहिलेला आहे. तिथे खरं बोलते ती एकटी कार्मेला. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "बोलली एकदाची."

टोनीची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी, तिच्या भागाची रात्र वेगळीच होती. चौथा भाग. मेल्फीवर पार्किंगच्या जिन्यात बलात्कार होतो, माणूस पकडला जातो आणि पुरावा हाताळण्यात चूक झाली म्हणून सुटतो. तिच्यासमोर खुर्चीत टोनी बसलेला. एक शब्द पुरे. ती रडते, तो विचारतो, काही सांगायचंय का. आणि गच्चीवर आमची सगळी माणसं, शिकलेली, संसारी, मुलीबाळींची माणसं, भिंतीकडे बघून ओरडत होती: "सांग ना त्याले! सांग!" माझ्या छातीतही तेच होतं, ओठांवर आलेलं. ती "नाही" म्हणते आणि भाग संपतो. त्या "नाही"ने गच्चीवर इतका राग उसळला की दोन शनिवार त्यावरच बोलणं चाललं. माझ्या मते त्या सबंध मालिकेत त्याहून उंच क्षण नाही. हातात सत्ता आलेली असताना, ती वापरायला पूर्ण कारण असताना, ती खाली ठेवणारी ती एकटीच आहे. पण मागच्या शनिवारनंतर मी त्याच प्रसंगाकडे पुन्हा बघते आहे. मेल्फीच्या नावाची पाटी तिच्या दवाखान्याच्या दारावर आहे. तिची फी तिच्या खात्यात जमा होते. नकार देऊन झाल्यावर ती ज्या घरी जाते ते तिचं आहे. त्याने तिच्या नकाराची किंमत कमी होत नाही. पण तो नकार देताना पाय कशावर रोवलेले होते, हेही बघायला हवं ना?

आता सातव्या भागातली ती खोली. मेल्फीने सुचवलेल्या क्रॅकोव्हर नावाच्या म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे कार्मेला एकटी जाते. खोलीत उजेड बेताचा, सगळीकडे पुस्तकं, डॉक्टरच्या चेहऱ्यावर मऊपणा औषधाला नाही. ती भूमिका सली बॉयर यांनी केली आहे, आणि एप्रिल २००१ मध्ये भाग दाखवला जाण्याआधीच ते वारले होते. कार्मेला नवऱ्याबद्दल सांगायला लागते, तो चांगला आहे, चांगला बाप आहे. म्हातारा तिचीच वाक्यं तिच्यापुढे ओळीने मांडतो: नैराश्याचा रोगी, गुन्हेगार, रागीट, बायकोला सतत फसवणारा, याला तुम्ही चांगला माणूस म्हणता? आणि सांगतो की तुम्ही त्याच्या साथीदार आहात तोवर तुमच्या मनाला शांतता नाही. साथीदार हा शब्द तिला लागतो. ती म्हणते, मी फक्त त्याचे कपडे धुतलेले आहेत आणि ताटात जेवण आहे एवढंच बघते. गच्चीवर त्या वेळी चार बायका होत्या. चौघींनी त्या दिवशी नवऱ्याचे कपडे धुतले होते, स्वयंपाक केला होता. मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग तो सांगतो: निघा. मुलांना घ्या, त्यांच्यात जे काही उरलं असेल तेवढं, आणि जा. ती म्हणते, म्हणजे मला वकील बघावा लागेल, राहायला जागा शोधावी लागेल, मुलांच्या खर्चाचं ठरवावं लागेल. तो म्हणतो, तुम्ही ऐकत नाही आहात. मी तुमच्याकडून फी घेणार नाही, कारण रक्ताचा पैसा मी घेत नाही, आणि तुम्हीही घेता कामा नये. आणि शेवटी: निदान एवढं तरी तुम्हाला कधीच म्हणता येणार नाही की कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा हा प्रसंग पाहिला तेव्हा मी उठून पाणी प्यायले होते. मला तो म्हातारा देवमाणूस वाटला होता. सगळ्या मालिकेत पुजारी, शेजारी, मास्तर, डीन, डॉक्टर, कुणीच तिला सरळ सांगत नाही, सगळ्यांना टोनीकडून काहीतरी हवं असतं किंवा त्याची भीती असते. हा एकच. आबांचंही त्या रात्री हेच मत होतं, "खरा मानूस आहे हा." आणि तो खराच आहे, त्याच्या एका अक्षराबद्दल माझं भांडण नाही. पण वहिनींनी जे पकडलं ते मी इतक्या वेळा बघून पकडलं नव्हतं. ती घराचं बोलते तेव्हा तो तिला मध्येच तोडतो. त्याला ती पळवाट वाटते. तो आपल्या खोलीत, आपल्या पुस्तकांत बसलेला आहे आणि तास संपल्यावर ती बाहेर जाणार आहे, रस्त्यावर, गाडीत, आणि ती गाडीसुद्धा टोनीने घेऊन दिलेली आहे. भागाच्या शेवटी ती सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेली असते. टोनी येतो आणि ती त्याच्याकडून मुलीच्या कॉलेजसाठी ५० हजार डॉलरची देणगी मागून घेते, आज तू माझ्यासाठी काहीतरी चांगलं केलंच पाहिजेस म्हणते. तोही देतो. सांगितलेलं सगळं तिने ऐकलेलं आहे, हे तिच्या डोळ्यांत दिसतं. आणि त्याच पैशातून ती थोडं पुण्य विकत घेते.

भाऊंचं दुकान बांधकाम साहित्याचं आहे. सिमेंट, सळई, खडी, वाळू. माणूस लाख मोलाचा. करोनात आमच्या घरात सगळे आजारी पडले तेव्हा दाराशी डबा आणि ऑक्सिजनचं सिलिंडर त्यांनी पोचवलं, पैसे विचारले तर रागावले. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. आणि रात्री दोन-अडीचला आमच्या कोपऱ्यावरून डंपर वळतो तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, ओल्या वाळूतून गळणाऱ्या पाण्याची एक रेघ सकाळपर्यंत डांबरावर असते, हेही आहे. गिरणा नदीची वाळू चांगली, असं गवंडी सांगतात. आमच्या कॉलनीतली बहुतेक घरं तिनेच उभी आहेत. वाळूच्या ब्रासचा भाव सगळ्यांना पाठ असतो, सरकारला भरलेल्या रॉयल्टीची पावती कुणी बघायला मागितलेली मला आठवत नाही. नदीत वाळू असते तोवर ती पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरवते. ती उपसली की पाणी नुसतं वाहून जातं, पात्रात खड्डे राहतात, आणि काठच्या गावातला शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारत बसतो. वाळूवरून तलाठ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो आणि पान उलटतो. भाऊंनी कुणाला हात लावल्याचं मी ऐकलेलं नाही, तसा माणूस ते नाहीत. वाळू आणणारे वेगळे, भाऊ ती विकतात. या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे, हे मी मोजायला बसले की मला क्रॅकोव्हरचा आवाज ऐकू येतो.

बुधवारी भाजीच्या गाडीवर वहिनी भेटल्या. मेथीची जुडी उलटीपालटी करत होत्या. मी शनिवारचा विषय काढला नाही, त्यांनीच काढला. म्हणाल्या, "घर अजून सासऱ्यांच्याच नावावर हाये आमचं. ते जाऊन किती वर्सं झाली. शेत दोघा भावांचं." मग जुडी पिशवीत टाकली, सुटे पैसे मोजले आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "डंपर तेवढा माह्या नावावर हाये. नोटीस बी माह्याच नावानं आलती."

मी काही बोलू शकले नाही. त्याही उत्तराची वाट बघत नव्हत्या.

बायकांच्या नावावर काही असावं हे आपण किती वर्षं म्हणत आलो आहोत. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने १९९० च्या आसपास ते करून दाखवलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन तिथल्या पुरुषांनी बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या, ग्रामपंचायतही बायकांनी हातात घेतली. कॉलेजात असताना ती हकीकत ऐकून मी भारावले होते, आजही सातबाऱ्यावर बाईचं नाव दिसलं की मला बरं वाटतं. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, त्यामुळे नव्या फ्लॅटांच्या कागदांवर बायकांची नावं वाढली आहेत. पण नाव दोन तऱ्हांनी लावता येतं. एक, तिचं आहे म्हणून. दुसरं, आपलं नको म्हणून. सही करायला बोलावलेल्या बाईला यातलं कुठलं आहे ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणी सांगत नाही. वहिनींना राहायला आहे ते छप्पर मेलेल्या माणसाच्या नावावर आणि जे रात्री नदीत उतरतं ते त्यांच्या नावावर. म्हणजे कायद्याच्या कागदात त्या साथीदार आहेत, मालकीण मात्र कशाच्याच नाहीत.

(पुढे मी मालिकेचे पुढचे सीझन उघडे करणार आहे, ज्यांना नको त्यांनी हा एक परिच्छेद सोडावा.) वहिनींच्या प्रश्नाला मालिका पुढे पुरेपूर उत्तर देते. चौथ्या सीझनमध्ये कार्मेला टोनीच्या मागे लागते की तुला काही झालं तर आमचं काय, कागदोपत्री काहीतरी कर. सीझनच्या शेवटी ती त्याला घराबाहेर काढते. मग वकील शोधायला जाते तर टोनीने आधीच चांगल्या चांगल्या वकिलांकडे जाऊन सल्ला घेऊन ठेवलेला असतो, म्हणजे ते तिचं प्रकरण घेऊच शकत नाहीत. त्याच्या पैशाचा हिशेब तपासायला कुणी हिशेबनीस तयार होत नाही. क्रॅकोव्हरने जे ऐकून घेतलं नाही, ते सगळं जसंच्या तसं तिच्यापुढे उभं राहतं. पाचव्या सीझनमध्ये ती त्याला परत घेते, आणि अट असते एका प्लॉटची, तिला स्वतः घर बांधून विकायचंय. ज्या भागात हे ठरतं त्याच भागात टोनीचा माणूस क्रिस्टोफर याची होणारी बायको एड्रियाना, तिला झाडीत नेऊन मारतात, आणि शेवटी कार्मेला त्या दुसऱ्या झाडीत, आपल्या प्लॉटवर, उभी असते. आणि अँजी. सातव्या भागात जिच्या गाडीच्या काचा फुटल्या, जिच्या नवऱ्याला टोनीनेच बोटीवर संपवलंय आणि जी त्याच टोनीकडे कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मागते, ती अँजी. शेवटच्या सीझनमध्ये ती गॅरेज स्वतः चालवते, व्याजाने पैसे फिरवते, आणि नवीकोरी गाडी स्वतःच्या पैशांनी घेते. कार्मेला त्या गाडीकडे बघत राहते. तिथे मला पहिल्यांदा बघताना आनंद झाला होता, एक बाई तरी सुटली म्हणून. आता तो आनंद तसा राहिलेला नाही. अँजीने वाटा घेतला तो पुरा घेतला, कमाईचा आणि केलेल्याचाही. व्याजाने पिचणाऱ्या माणसाला तिच्या नावाने फरक पडत नाही.

आता भांडण असं आहे की पुतण्याने ग्रुपवर टाकलंय: मधले भाग गाळू आणि या शनिवारी थेट अकरावा बघू. अकरावा म्हणजे तो बर्फातला, पॉली आणि क्रिस्टोफर जंगलात हरवतात तो, स्टीव्ह बुसेमीने दिग्दर्शित केलेला. सगळ्या जगाचा लाडका भाग आहे, माझाही आहे. भाऊंनी लगेच अंगठा दाखवला. आबांना चालणार आहे. मी नाही म्हटलं आणि कारण लिहिलं की मधल्या भागांशिवाय पुढचं कळणार नाही. खरं कारण वेगळं आहे. अकराव्यानंतरच्या भागात कार्मेला एका पाद्रीकडे जाते आणि तो क्रॅकोव्हरच्या उलट वाट दाखवतो: नवऱ्याला सोडू नकोस, त्याच्या कमाईतला जो भाग चोख आहे तेवढ्यावर राहायला शीक, बाकीचं सोड. ऐकायला किती सोपं, किती आपल्याला परवडणारं. सिमेंट-सळईचा पैसा वेगळा, वाळूचा वेगळा. डाळीचा डबा कुठल्या पैशाचा आणि मेथीची जुडी कुठल्या, ते कोण वेगळं करणार? हा भाग गच्चीवर येईल तेव्हा लोकांच्या अंगावर अजून सातव्या भागाची धग असायला हवी, असं मला वाटतं. बर्फातल्या धावपळीने ती विझून जाऊ नये.

ग्रुपवर वहिनी नाहीत. पुतण्याला मी म्हटलं, त्यांनाही विचार. त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं, एकही गाळू नको, आणि भाऊंनी पुढे काही लिहिलं नाही. तेव्हा या शनिवारी आठवा. वांग्यांचा हंगाम उतरणीला लागलाय, म्हणून शेवभाजी आमच्याकडून जाणार आहे.